मृत्युपत्र, वय चौतीस

वकील प्रोख्निक चष्मा पुसतात,
पुन्हा माझ्या जन्मतारखेवर बोट ठेवतात.
"काही झालंय का?" अगदी हळू, जणू भिंत ऐकेल.

काही झालेलं नाही.
रक्तदाब बरा आहे. दात सगळे माझेच.
बाहेर ट्रकमध्ये जाळी पडली आहेत,
अंधाराआधी सरोवरावर पोचून
गोठलेल्या पाण्याला सहा भोकं पाडायची आहेत.

काही झालेलं नाही म्हणून तर आले.
बर्फाची जाडी मोजायची ती पाऊल टाकण्याआधी,
तडकल्याचा आवाज आल्यावर
मोजपट्टी काय कामाची?
विनिपेग सरोवराच्या या काठावर
हे शाळेच्या आधी शिकवतात.

मग मी यादी सांगते.
निम्मी होडी (निम्मी भावाची).
घर, त्यातलं बँकेचं वजा करून.
आईच्या चांदीच्या गुंड्या भाचीला.
आणि जे उरेल त्याचा दशांश
आमच्या चर्चमधल्या पियानोला.

"चर्चला," ते दुरुस्त करतात.
"पियानोला," मी म्हणते. "दरवर्षी सुरात लावायला."

पियानोच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला,
पितळेची एक पट्टी आहे. लहानपणी
लपाछपी खेळताना मला सापडली:
हल्दोरा, मासे साफ करणारी, १९३८.
एवढंच. फोटो कुणाकडे नाही.
म्हातारी थोरब्योर्ग सांगते, ती सव्वीस वर्षांची असताना
कॉफीच्या डब्यात पहिलं नाणं पडलं;
शेडमधल्या बायका हसल्या, म्हणाल्या,
हिला नवरा नाही, पण पियानोची घाई!
ती गेल्यावर डबे मोजले तर अकरा निघाले.

त्या पियानोवर मी पहिलं भजन वाजवलं
तेव्हा माझ्या बोटांना पिकरेल माशाचा वास होता.
पाद्रीबाईंनी नाक मुरडलं नाही.
मला वाटतं, पियानोला तो वास ओळखीचा होता.

प्रोख्निक लिहितात. थांबतात.
"आणि तोवर चर्चच उरलं नाही, तर?"

खाली रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी जाते,
खिडकीची काच थरथरत राहते.
"हे सगळ्यांना विचारता?"
"सगळ्यांना. कलमच आहे तसं."

गेल्या रविवारी आम्ही सतरा होतो.
थोरब्योर्गचा गुडघा बरा असता तर अठरा.
शेजारच्या गावातलं चर्च आता कुणाचं तरी राहतं घर आहे,
वेदीच्या जागी टीव्ही.
मला ठाऊक आहे. फक्त कागदावर
ते असं उघडं लिहायचं असतं, हे ठाऊक नव्हतं.

राग येतो. मग राग कुणावर, ते सापडत नाही.
हल्दोराला कुणी हे विचारलं असेल का?
तिने काय सांगितलं असेल, हातातला सुरा न थांबवता?

"लिहा," मी म्हणते, "तर मग पियानो जिथे जाईल तिथे.
शाळेत गेला तर शाळेला.
वृद्धाश्रमात गेला तर त्यांना.
कुणीच नेला नाही,
तर जवळात जवळच्या बेसूर पियानोला."
"म्हणजे धार्मिक हेतू काढून टाकू?"
"नाही. तो राहू द्या.
देवाच्या नावाने, असं लिहा,
आणि पत्त्याची जागा कोरी."

चाळीस वर्षांत कायद्याने कोरी जागा सोडलेली
त्यांना आठवत नाही. तरी ते हसतात,
आणि काहीतरी वाक्य जुळवून देतात.

संध्याकाळी आई फोनवर: "खरं सांग, आजारी आहेस का?"
"नाही गं."
"मग एवढी घाई?"
घाई नाही. त्या मधल्या सप्तकातली एक पट्टी
थंडीत दाबली की वर येत नाही.
तिला माझ्या मरणापर्यंत थांबवणं मलाच बरं वाटेना,
म्हणून एप्रिलमध्ये सूर लावणारा येतोय,
पैसे मी दिलेत, पावती फ्रिजवर लावली आहे.

तोवर दर रविवारी असंच:
भजन त्या सुरापाशी येतं, पियानो गप्प होतो,
आणि सतराही जण, कुणी न सांगता,
तेवढ्यापुरता आवाज जरा चढवतात.